काचेत कोंडलेले राक्षस

पडद्यावर पहिला राक्षस वळवळला तशी नेआफू गावच्या सभागृहातल्या बायकांनी एकमुखाने किंकाळी फोडली. बँडमधला कर्णेवाला इतका दचकला की त्याच्या कर्ण्यातून निघालेला सूर कुठल्याच गाण्यात बसला नसता.

"घाबरू नका!" प्रार्थनेने रोग बरे करणारा बंधू विलिसोनी व्यासपीठावरून ओरडला. "नीट बघा त्यांच्याकडे! हा शेपटीवाला. हा नागमोडी. आणि हा मधला, गोल गोल गिरक्या घेणारा, हा यांचा सेनापती! वर्षानुवर्षं या माउलीच्या हिरड्यांत बिऱ्हाड करून बसलेत, तेही फुकट!"

माउली म्हणजे बंदरावरच्या दुकानदाराची बायको. ती खुर्चीत आ वासून बसली होती, कारण बंधूंनी तोंड मिटायला अजून परवानगी दिली नव्हती. तिच्या हिरडीवरून फिरवलेली कापसाची काडी बंधूंनी काचपट्टीवर घासली होती, काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली होती, आणि सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या पडद्यावर तिच्या हिरडीतली ही जत्रा माणसाच्या हाताएवढी होऊन नाचत होती.

मग पाण्याची बाटली आली. गुहेतल्या झऱ्याचं पाणी, त्यावर ऑकलंडमध्ये चाळीस रात्री प्रार्थना केलेली. झरा इथे वावाऊ बेटावर आणि प्रार्थना ऑकलंडात, हे कसं जमलं, असं कोणी विचारलं नाही. माउलीने चूळ भरली. बंधूंनी डोळे मिटून हात वर केले, बँडने हळू सुरात साथ धरली. दुसरी काडी, दुसरी काचपट्टी. पडदा स्वच्छ! एखादा बुडबुडा सोडला तर काही नाही.

"गेले!" बंधू गरजला, आणि बँडने छप्पर उडवायचंच बाकी ठेवलं.

शेवटच्या रांगेत बसलेल्या लावीनियाने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती गावातली एकुलती एक दातांची डॉक्टर. तिच्या दवाखान्यातल्या खुर्चीवर बसायचं म्हटलं की याच लोकांना अचानक शेतावरची कामं आठवायची. तिचा उपाय साधा होता: किटण खरवडून घ्या, रोज नीट दात घासा, दातांच्या फटीतून दोरा फिरवा, तीन महिन्यांनी पुन्हा या. या उपायाला बँडची साथ नव्हती, हा त्यातला मोठाच दोष.

पंचाईत अशी होती की पडद्यावरचं चित्र खोटं नव्हतं. वळवळणारे ते जंतू अस्सल होते. आजारी हिरडीतून काढलेला ताजा थर असाच दिसतो. पण दुकानदाराच्या बायकोच्या हिरड्या लावीनियाने गेल्याच महिन्यात पाहिल्या होत्या. त्या चांगल्या गुलाबी, घट्ट होत्या. तिथे एवढी जत्रा भरायला जागाच नव्हती.

"बघितलंस?" शेजारी बसलेली हेपी मावशी डोळे पुसत म्हणाली. लावीनियाच्या आईची ही धाकटी बहीण गावातल्या भजनी गायकवृंदाची प्रमुख होती. आवाज असा की रविवारी सकाळी तिने सूर लावला की बंदरातल्या होड्यांवरचे परदेशी पाहुणे उठून बसत. "बघितलंस ना? आणि तू मला दहा वर्षं दोरा ओढायला लावतेस."

"मावशी, तू दहा वर्षांत दहा वेळा तरी ओढलास का?"

"तेच म्हणते. नुसता ताप."

सभा संपताना खुर्चीत बसून गेलेल्या प्रत्येकाला प्रसाद मिळाला. पहिली, राक्षसवाली काचपट्टी मेणाने बंद करून, छोट्या पिशवीत घालून, दोरीसकट. "तुमचा राक्षस इथे कैद आहे," बंधू सांगत होता. "घरात उंचावर टांगा. काच फुटली तर मात्र माझ्याकडे यायचं नाही." देणगी ऐच्छिक होती. इच्छा किती असावी, ते दारावरच्या फळ्यावर लिहिलेलं होतं. रोख नसेल तर विणलेली चटई किंवा डुकराचं पिल्लूही चाले. परमेश्वर असल्या बाबतीत अडून बसत नाही.

हे सगळं आवरत होता बंधूंचा मेहुणा, फेलेती. चाळिशीचा, खांदे पाडलेला माणूस. काड्यांच्या दोन पेट्या त्याच्याच ताब्यात: निळी आधी, पांढरी नंतर. तो कधी हसत नसे, आणि बोलायची वेळ आलीच तर तोंडावर हात धरून बोले. लोक म्हणत, केवढा नम्र शिष्य!

*

दुसऱ्या आठवड्यात हेपी मावशी स्वतः खुर्चीत बसली, आणि तिचे राक्षस गावातल्या सगळ्यांपेक्षा दांडगे निघाले. तसं बंधूंनीच जाहीर केलं. मावशीने ते जरा अभिमानानेच घरी सांगितलं.

रविवारच्या जेवणाला लावीनिया तिच्याकडे गेली तेव्हा काचपट्टी मावशीच्या पलंगावर लटकत होती. भट्टीतून नुकतंच काढलेलं कोनफळ आणि नारळाच्या दुधात शिजवलेली पानं पुढ्यात होती. मावशीने तिसऱ्यांदा वाढून घेतलं.

"मावशी, साखरेच्या दुखण्याची गोळी घेतलीस?"

"बंद केली."

लावीनियाच्या हातातलं कोनफळ हातातच राहिलं. "कधीपासून?"

"राक्षस गेला तेव्हापासून. बंधू म्हणाले, साखर ही हिरडीतल्या राक्षसाची लेक. बापच गेला तर लेक काय करणार?"

लावीनियाला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. कारण यातलं अर्धं वाक्य बंधूने तिच्याच दवाखान्याच्या भिंतीवरून उचललं होतं. हिरड्या सुजलेल्या राहिल्या तर साखर आटोक्यात राहत नाही, साखर वाढली की हिरड्या आणखी बिघडतात, हे चित्रासकट तिनेच चिकटवलं होतं. पठ्ठ्याने विज्ञान घेतलं होतं, फक्त औषध काढून टाकलं होतं.

"मावशी, ऐक माझं. गोळी चालू कर. त्याची प्रार्थना हवी तेवढी कर, पण गोळी घे."

"तुझा जळफळाट होतोय," मावशी शांतपणे म्हणाली. "माणसं तुझ्याकडे येईनाशी झाली म्हणून."

"माणसं माझ्याकडे आधी तरी कुठे येत होती?"

मावशी हसली, पण गोळी तिने घेतली नाही. ब्रशही घेतला नाही. स्वच्छ झालेलं घर कोण झाडत बसतं?

*

पावसाच्या तोंडावर मावशीचा गाल सुजला. दोन दिवस तिने तो रुमालाआड लपवला. तिसऱ्या दिवशी गायकवृंदाच्या सरावात पहिल्या ओळीतच ती खाली बसली. अंगात ताप, श्वासाला वास, डोळे कुठेतरी भलतीकडे. हिरडीत गळू झालं होतं आणि रक्तातली साखर अशी चढली होती की इस्पितळातल्या नर्सने यंत्र बिघडलं समजून दुसरं आणलं. दुसऱ्यानेही तेच सांगितलं.

लावीनियाने गळू फोडलं, पू काढला, हलणारे तीन दात उपटले. मावशीचा हात धरून ती रात्रभर बसली, तेव्हा तिला बंधूचा राग येत नव्हता, भीती वाटत होती. ही बाई गेली तर त्याचं श्रेयही राक्षसालाच मिळेल. काच फुटली असणार, म्हणतील.

मावशी वाचली. ताप उतरल्यावर पहिलं वाक्य तिने काय बोलावं? "काचेला तडा गेला असेल."

तेव्हा लावीनियाने ठरवलं की नुसतं समजावून भागणार नाही. राक्षसांचीच चौकशी करायची.

ती घरोघरी गेली. "तुमचा राक्षस थोडे दिवस द्याल का? परदेशातल्या प्रयोगशाळेत पाठवायचाय. कुठल्या वाणाचा आहे ते कळेल." तिला वाटलं होतं, लोक हाकलून देतील. झालं उलटंच. आपला राक्षस परदेशी जाणार म्हणून घराघरांत चढाओढ लागली. दुकानदाराच्या बायकोने तर बजावलं, "माझा हेपीच्यापेक्षा मोठा निघाला तर पहिलं मला सांगायचं." प्रत्येकाच्या परवानगीने लावीनियाने त्याच्या हिरडीतला ताजा नमुनाही घेतला, नव्या, बंद पाकिटातल्या काडीने.

सगळं गेलं न्यूझीलंडला, ड्युनेडिनमध्ये, तिची कॉलेजातली मैत्रीण नायरी जिथे काम करायची त्या प्रयोगशाळेत. तिथे मावशीचा आणि आणखी काही जणांचा दोन वर्षांपूर्वीचा नमुनाही गोठवून ठेवलेला होता. हिरड्या आणि साखर यांच्या अभ्यासासाठी लावीनियानेच तो पाठवला होता.

बरेच दिवस गेले. मग एका दुपारी नायरीचा फोन आला.

"लावीनिया, तू मला उल्लू बनवतेयस का?"

"का गं?"

"या मेणाने बंद केलेल्या काचपट्ट्या. तू म्हणालीस वेगवेगळ्या माणसांच्या आहेत."

"आहेत."

"मुळीच नाहीत. सगळ्या एकाच तोंडातल्या आहेत."

लावीनियाने नमुन्यांची यादी पुढे ओढली. पडद्यावर नाचणारे नागमोडी जंतू नुसते शोभेचे. नायरीने शोधला होता हिरड्या पोखरणारा खरा चोर, न हलणारा, बुटका, दिसायला अगदीच सामान्य. पोर्फिरोमोनास जिंजिव्हालिस असं त्याचं भारदस्त नाव. तो अनेकांच्या तोंडात असतो, पण माणसागणिक त्याचा वाण निराळा. जनुकांची अक्षरं एकापुढे एक ठेवून ताडून पाहिली की वाण ओळखता येतो.

"प्रत्येक काचपट्टीवर तोच वाण," नायरी म्हणाली, "अक्षराला अक्षर जुळतं. आणि तू पाठवलेल्या ताज्या नमुन्यांत बघावं, तर ज्याचा त्याचा वाण वेगळा. काहींच्यात तर हा जंतूच नाही. फक्त दोन नमुने एकमेकांशी तंतोतंत जुळतात. ते नवराबायको असतील ना?"

लावीनियाने खुणेचे आकडे पडताळले. एक बँडमास्तरचा होता आणि दुसरा चटया विणणाऱ्या एका विधवा बाईचा. "शेजारी आहेत," ती म्हणाली आणि विषय बदलला. "बरं, मावशीचं काय?"

"तेच सांगायचंय. दोन वर्षांपूर्वी तिच्या तोंडात एकच वाण होता, तिचा स्वतःचा. आता दोन आहेत. दुसरा काचपट्टीवरचा. आणखी एका बाईच्या तोंडातही तो आलाय. कुणीतरी यांच्या हिरड्यांना परक्या माणसाचा मळ चोळलाय, लावीनिया."

निळी पेटी आधी, पांढरी नंतर. लावीनियाच्या डोळ्यांपुढे तोंडावर हात धरून उभा असलेला फेलेती आला.

ती तडक मावशीकडे गेली आणि काही न लपवता सगळं सांगितलं. मावशीने ऐकून घेतलं. मग अगदी हळू विचारलं, "म्हणजे तो माझा राक्षस नव्हताच?"

"नाही. तुझं गळू झालं ते तुझ्याच जंतूंनी आणि बंद केलेल्या गोळीने. हा परका पाहुणा किती नडला ते मी छातीठोक सांगू शकत नाही. पण तो बंधूनेच घातलाय तुझ्या तोंडात."

"दुसऱ्याच्या तोंडातलं? माझ्या तोंडात?" मावशी उठून मोरीकडे गेली. बराच वेळ तिच्या चुळा भरण्याचा आवाज येत राहिला. बाहेर आली ती भजनाच्या मुख्य बाईच्या पवित्र्यात. "पुढची सभा कधी आहे?"

*

पुढच्या सभेला खुर्चीत बसायला पहिला उभा राहिला सेमिसी मामा. लावीनियाच्या आईचा थोरला भाऊ. तोंडात स्वतःचा एकही दात नसलेला, आणि त्याबद्दल कसलीही खंत नसलेला. आज मात्र त्याच्या तोंडात पांढरेशुभ्र दात चमकत होते.

"या बाबा," बंधू प्रेमाने म्हणाला. "किती वर्षं सोसताय?"

"फार वर्षं," मामा म्हणाला. ते खोटंही नव्हतं. मामी समोरच बसली होती.

निळ्या पेटीतली काडी निघाली. बंधूंनी ती मामाच्या हिरडीवरून फिरवली, काचपट्टीवर घासली, आणि पडद्यावर पुन्हा तीच जत्रा उसळली.

"अरे देवा!" बंधू मागे सरकला. "इतके तर मी ऑकलंडातही पाहिले नाहीत! बाबा, तुमच्या हिरड्यांत तीस वर्षांचं पाप आहे!"

"तीस वर्षांचं?" मामाने तोंडात हात घातला, वरची कवळी काढली, खालची काढली आणि दोन्ही तळहातावर ठेवून सभेला दाखवल्या. दाताविना त्याचे शब्द फसफसत होते, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचले. "ही कवळी काल विमानाने आली. पाकीट मी आत्ता दाराबाहेर फोडलं. ही गुलाबी हिरडी प्लास्टिकची आहे, बंधू. तिने पाप कधी केलं?"

क्षणभर कुणाला कळेना. मग मामीला हसू फुटलं, आणि तिचं हसू रांगा ओलांडत मागे गेलं.

बंधू कच्च्या गुरूचा चेला नव्हता. "संशय!" त्याने हात उंचावले. "संशयी माणसाच्या स्पर्शाने प्लास्टिकलाही बाधा होते!"

"मग माझ्या छत्रीचीही तपासणी करा," मामा म्हणाला. "ती माझ्यापेक्षा संशयी आहे."

तेवढ्यात लावीनिया व्यासपीठावर चढली. फेलेती आडवा आला नाही. खाली मान घालून बाजूला झाला. तिने निळ्या पेटीतली एक काडी उचलली. कापूस आधीच ओला होता. ती काडी तिने उंच धरून सगळ्यांना दाखवली.

"ही कुणाच्याही तोंडात गेलेली नाही. सगळे बघताय ना?"

काडी तिने सरळ काचपट्टीवर घासली. पडद्यावर शेपटीवाला, नागमोडी आणि सेनापती, सगळे हजर.

आता कुणी किंचाळलं नाही.

"राक्षस तुमच्यात नव्हते, या पेटीत होते," लावीनिया म्हणाली. "एका आजारी माणसाच्या दातांवरचा थर रोज सभेआधी या काड्यांना लावायचा, मिठाच्या कोमट पाण्यात ताजा ठेवायचा. पांढऱ्या पेटीतल्या काड्या कोऱ्या. चूळ तुम्ही गुहेतल्या पाण्याने भरा नाहीतर विहिरीच्या, दुसऱ्या वेळी पडदा स्वच्छच दिसणार. तुम्ही मला तुमच्या काचपट्ट्या दिल्यात. आपल्याकडे कोनफळ घरोघरी होतं, पण प्रत्येकाचा वाण वेगळा. कुणाच्या वाडीतलं ते तुम्ही कापल्यावर ओळखता. जंतूंचंही तसंच असतं. तुमच्या सगळ्यांच्या काचपट्ट्यांवर एकाच वाडीचं कोनफळ निघालं."

"हिचा धंदा बसला म्हणून ही..." बंधूने सुरुवात केली.

"गप्प!" हा आवाज हेपी मावशीचा होता. त्यावर बँडमास्तरनेसुद्धा हातातली काठी खाली ठेवली. मावशी दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या पुतण्यांना झटकून उभी होती, एक गाल अजून बसका. "याच्यासमोर मी रडले होते. याचं ऐकून गोळी सोडली आणि मरणाच्या दारातून आले. आणि या माणसाने परक्याची घाण काडीवर घेऊन माझ्या तोंडात घातली! तुमच्याही घातली! कुणाची घाण आहे ती, बोल!"

बोलला तो फेलेती. त्याने तोंडावरचा हात काढला, आणि पुढच्या रांगेतल्या लोकांनी नकळत नाक दाबलं. त्याच्या हिरड्या काळ्यानिळ्या, लोंबलेल्या होत्या, दात मुळांपर्यंत उघडे पडले होते.

"माझी," तो म्हणाला. "मला ब्रश लावायची परवानगी नाही."

दुकानदाराची बायको बाहेर पळाली आणि ओकली.

*

बंधू विलिसोनी पहिल्या बोटीने गेला. सूक्ष्मदर्शक नेला, मेहुण्याला विसरला. डुकरं ज्याची त्याला परत मिळाली. पैशांचं काही कळलं नाही. सगळं गाव शहाणं झालं म्हणाल, तर तसंही नाही. काही जण अजून म्हणतात की बंधू खरा होता, शिष्यानेच घात केला. एका घरात ती पिशवी अजून लटकते आहे. उगाच कशाला जोखीम, म्हणे. हेपी मावशी मात्र गोळी घेते, आणि गायकवृंदात कुणी पोरगी हिरडी दुखते म्हणाली की तिला मानगुटीला धरून दवाखान्यात आणते.

सभेनंतर दुसऱ्या दिवशी लावीनियाने दवाखाना उघडला तर पायरीवर फेलेती बसलेला.

"डॉक्टरीणबाई, माझं काही होईल का?"

तिने त्याला खुर्चीत बसवलं, दिवा ओढला, तोंडात पाहिलं. काही दात जाणार होते. बरेचसे मेहनत केली तर वाचण्यासारखे होते. "किती वर्षं दुखतंय?"

"बारा वर्षं. रक्त येतं. जेवताना रडू येतं कधीकधी."

"त्याला सांगितलं नाहीस कधी? बरं कर म्हणून?"

फेलेती खजील होऊन छताकडे बघत पुटपुटला. "एकदा म्हटलं होतं. म्हणाला, तू बरा झालास तर लोकांना दाखवू काय?"

लावीनियाने हातमोजे चढवले आणि खरवडायची सुई उचलली. बाहेरच्या बाकावर चार-पाच माणसं येऊन बसली होती, इकडेतिकडे बघत, जणू सहज आल्यासारखी. दार उघडं होतं. ती त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलली, कारण असल्या गोष्टी कुजबुजून सांगायच्या नसतात.

"चमत्कार बघायला जरूर जा. फक्त एवढं विचारा: जो साऱ्या गावाला बरं करतो, त्याच्या शेजारी बारा वर्षं उभा असलेला माणूस आजारी का आहे? उत्तर मिळेपर्यंत तोंड मिटून ठेवा." मग ती फेलेतीकडे वळली. "तू मात्र उघड."